सोलापूर कोरडे, लंडन ओले: जगाचे हवामान प्रदेश कसे ठरतात?

सोलापुरात वर्षाला लंडनपेक्षा जास्त पाऊस पडतो. लंडनची वार्षिक सरासरी 600 मि.मी.च्या आसपास, सोलापूरची 700 मि.मी.च्या पुढे. तरीही छत्री ही लंडनची ओळख आणि दुष्काळ ही सोलापूरची. आकडेही खरे आहेत आणि ओळखीही खऱ्याच आहेत. हवामान प्रदेश म्हणजे काय, हे समजून घ्यायला ही जोडी चांगली आहे.

लंडनचा पाऊस बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. तिथले वर्षाचे सरासरी तापमान जेमतेम 11 अंश सेल्सिअस असते. त्यामुळे पडलेले पाणी मातीत मुरते, गवताला आणि झाडांना मिळते, वाफ होऊन उडून जाते ते कमी. सोलापुरात जवळपास सगळा पाऊस चार-पाच महिन्यांत उरकतो आणि सरासरी तापमान 27 अंशांच्या घरात असते. मार्च उजाडला की ऊन जमिनीतली ओल ओढून घेऊ लागते. आभाळातून किती आले याच्याइतकेच, त्यातले किती टिकले याला महत्त्व असते. प्रदेश कोरडा की ओला, हे या जमाखर्चावर ठरते.

झाडांनी आखलेला नकाशा

हा जमाखर्च साऱ्या जगासाठी मांडण्याचे काम व्लादिमीर कोपेन या शास्त्रज्ञाने केले. त्याचा जन्म 1846 मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. त्याच्या कुटुंबाची जमीन दक्षिणेला क्रिमियात होती. उत्तरेतून तिकडे जाताना वाटेत सूचिपर्णी जंगल संपायचे, मग गवताची अफाट मैदाने लागायची आणि शेवटी काळ्या समुद्राकाठची उबदार झाडी यायची. वनस्पती कशा बदलत जातात हे त्याने लहानपणीच पाहिले होते. पुढे त्याने उष्णतेचा वनस्पतींच्या वाढीवर होणारा परिणाम हाच आपल्या प्रबंधाचा विषय केला आणि नंतर हॅम्बुर्गच्या सागरी वेधशाळेत अनेक वर्षे काम केले.

त्या काळात जगाच्या मोठ्या भागात तापमापक किंवा पर्जन्यमापक पोहोचलेच नव्हते. झाडे मात्र सगळीकडे होती आणि ती शतकानुशतके हवामानाची नोंद ठेवत होती. अमुक झाड इथवर उगवते आणि पुढे उगवत नाही, ती रेषा कोपेनने हवामानाची सीमा मानली आणि मग त्या रेषेवर तापमान किती, पाऊस किती, हे शोधले. 1884 मध्ये त्याने उष्णतेच्या पट्ट्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि 1900 मध्ये पूर्ण वर्गीकरण मांडले. पुढे तो ते सुधारत राहिला. नंतर रुडॉल्फ गायगर यांनी त्यात भर घातली, म्हणून आज ते कोपेन-गायगर वर्गीकरण म्हणून ओळखले जाते. खंडवहनाचा सिद्धान्त मांडणारा आल्फ्रेड वेगेनर हा कोपेनचा जावई. प्राचीन भूयुगांतल्या हवामानावर सासरे-जावयांनी मिळून 1924 मध्ये ग्रंथही लिहिला.

वर्गीकरणात पाच मुख्य गट आहेत. सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमानही 18 अंशांच्या खाली जात नसेल तर तो उष्ण कटिबंधीय गट. जिथे पावसापेक्षा बाष्पीभवनाची ओढ मोठी, तो कोरडा गट. हिवाळा सौम्य असेल तर समशीतोष्ण, आणि उन्हाळा बरा पण हिवाळा गोठवणारा असेल तर खंडीय. सर्वांत उबदार महिनाही 10 अंशांपर्यंत पोहोचत नसेल तर ध्रुवीय. ही 10 अंशांची रेषा म्हणजे ढोबळमानाने झाडांची शेवटची हद्द. तिच्यापलीकडे जंगल उभे राहत नाही.

कोरड्या गटाची सीमा काढण्याची आज रूढ असलेली रीत घरबसल्या करून पाहता येते. वर्षाच्या सरासरी तापमानाला 20 ने गुणायचे. पाऊस मुख्यतः उन्हाळी सहामाहीत, म्हणजे आपल्याकडे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर त्यात 280 मिळवायचे. वर्षभर विखरून पडत असेल तर 140 मिळवायचे, आणि हिवाळ्यात पडत असेल तर काहीच मिळवायचे नाही. येणारा आकडा म्हणजे त्या जागेला किमान किती मि.मी. पाऊस हवा याची पातळी. सोलापूरची पातळी 820 येते, पाऊस त्याहून कमी, म्हणून सोलापूर निमशुष्क. लंडनची पातळी 360 येते, पाऊस 600, म्हणून लंडन ओले. पुणे या सीमारेषेच्या अगदी जवळ बसते. पाऊस या पातळीच्या निम्म्याहूनही कमी असेल तर ते वाळवंट.

विषुववृत्ताची वाफ आणि वाळवंटाची झळ

विषुववृत्तावर वर्षभर सूर्य डोक्यावर किंवा त्याच्या जवळपास असतो. हवा तापते, वर चढते, थंड होते आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस कोसळतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच आरोह पर्जन्य म्हणतात. सिंगापुरात वर्षाला 2,000 मि.मी.हून अधिक पाऊस पडतो आणि महिन्यांच्या सरासरी तापमानात दोन-एक अंशांचाच फरक असतो. उन्हाळा-हिवाळा हा भेद तिथल्या माणसाला कळतच नाही. दिवस आणि रात्र यांच्या तापमानातला फरक ऋतूंमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. ॲमेझॉनचे खोरे, काँगोचे खोरे आणि इंडोनेशियाची बेटे याच पट्ट्यात येतात. झाडांना पानगळीचा हंगाम नाही, त्यामुळे जंगल कायम हिरवे राहते.

विषुववृत्तावर वर चढलेली ही हवा पाऊस सांडून कोरडी होते, उंचावरून दोन्ही ध्रुवांच्या दिशेने सरकते आणि 30 अंश अक्षांशांच्या आसपास पुन्हा खाली उतरते. उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि तिच्यात ढग तयार होत नाहीत. सहारा, अरबस्तान, कलहारी आणि ऑस्ट्रेलियाचा मध्य ही मोठी वाळवंटे याच उतरत्या हवेखाली आहेत. वाऱ्यांच्या या साखळीची मांडणी इंग्लंडच्या जॉर्ज हॅडली यांनी 1735 मध्ये केली. ॲमेझॉनचा पाऊस आणि सहाराचा कोरडेपणा ही एकाच यंत्राची दोन टोके आहेत.

या दोन टोकांच्या मध्ये सॅव्हाना आणि मोसमी प्रदेश येतात. सूर्य उत्तरेकडे सरकला की पावसाचा पट्टाही त्याच्यामागे सरकतो, दक्षिणेकडे गेला की परततो. म्हणून इथे वर्षाचे दोन स्पष्ट भाग पडतात, ओला आणि कोरडा. पूर्व आफ्रिकेत सेरेंगेटीतले दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट वर्षभर पावसामागून, म्हणजे कोवळ्या गवतामागून फिरत असतात. भारतात या सरकत्या पट्ट्याला तापलेला भूभाग, हिंदी महासागराची वाफ आणि हिमालयाची भिंत यांची जोड मिळते आणि त्यातून मोसमी पाऊस घडतो. मुंबईत वर्षाला 2,200 मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, पण त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. मेघालयातल्या चेरापुंजीत 1860-61 च्या बारा महिन्यांत 26 मीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. तो आजही जागतिक विक्रम आहे.

वाळवंट म्हणजे उष्णताच, असे मात्र नाही. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे, हिवाळ्यात धुक्याने भरलेली असते, आणि तरीही तिथे वर्षभरात मोजके काही मि.मी. पाऊस पडतो. याचे कारण हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह. त्याच्यामुळे समुद्रालगतची हवा थंड आणि जड राहते, वर चढत नाही. धुके येते, पाऊस येत नाही. आणखी दक्षिणेला, चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या किनाऱ्यावर डोंगरावर जाळ्या उभारून लोक धुक्यातले पाणी गोळा करतात. गोबीचे वाळवंट वेगळ्या कारणाने कोरडे आहे. समुद्र दूर, मध्ये उंच डोंगर, आणि हिवाळा हाडे गोठवणारा. आपले लडाखही याच जातीचे, थंड वाळवंट.

समुद्र जवळ असून भागत नाही

तीस अंशांच्या पुढे गेलो की वारे प्रामुख्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि हवामानाचे निम्मे गणित या एका गोष्टीवर बसते. फ्रान्सचे मार्सेय आणि रशियाचे व्लादिवोस्तोक ही दोन्ही बंदरे 43 उत्तर अक्षांशावर आहेत. जानेवारीत मार्सेयचे सरासरी तापमान 7 अंशांच्या आसपास असते, व्लादिवोस्तोकचे उणे 12 च्या आसपास. समुद्र दोघांच्या दारात आहे. पण मार्सेयकडे येणाऱ्या हवेवर अटलांटिक आणि भूमध्य समुद्राची ऊब असते, तर व्लादिवोस्तोकवर हिवाळ्यात सैबेरियाच्या पोटातली हवा येऊन आदळते. समुद्र जवळ असून भागत नाही. वारा समुद्रावरून यावा लागतो.

म्हणूनच खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांवर दोन खास हवामान प्रदेश सापडतात. साधारण 40 अंशांच्या पुढे पश्चिम युरोपीय प्रकार आहे. ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्सचा उत्तर भाग इथे हिवाळा फार कडक नाही, उन्हाळा फार तापत नाही, पाऊस बारमाही. अटलांटिकच्या उबदार प्रवाहाचा प्रभाव थेट नॉर्वेच्या पलीकडे जातो. रशियाचे मुर्मान्स्क बंदर आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असूनही हिवाळ्यात गोठून बंद पडत नाही.

त्याच्या दक्षिणेला, 30 ते 40 अंशांच्या दरम्यान, भूमध्य सागरी प्रदेश. याचे वैशिष्ट्य म्हणजे पाऊस हिवाळ्यात आणि कोरड उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या नेमके उलट. उन्हाळ्यात सहारावरची उतरती हवा उत्तरेकडे सरकून या भागावर बसते, हिवाळ्यात ती दक्षिणेला हटली की पश्चिमी वारे पाऊस घेऊन येतात. भूमध्य समुद्राचा काठ, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतला केप टाउनचा परिसर आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण कोपरा, एवढ्या पाचच ठिकाणी हे हवामान आहे. एकमेकांपासून हजारो मैल दूर असूनही पाचही ठिकाणी जाड, चिवट पानांची झुडपे दिसतात, उन्हाळ्यात वणवे लागतात आणि द्राक्षाचे मळे फुलतात.

द्राक्षाच्या वेलीचा आणि आपला संबंध नाशिकमुळे जवळचा आहे. थंड हिवाळ्याच्या देशात द्राक्षवेल पाने गाळून झोपी जाते आणि वसंतात एकदाच फुटते. नाशिकची थंडी तिला झोपवण्याइतकी कडक नसते. मग वेलीच्या वेळापत्रकाचे काम बागायतदाराची कात्री करते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोड्या बहाराची छाटणी होते आणि त्यातून घड निघतात. फळ पिकते ते जानेवारी ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत. भूमध्य सागरी देशांत जो कोरडेपणा उन्हाळा देतो, तो नाशिककराने आपल्या हिवाळ्यात शोधून काढला. म्हणूनच छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डाऊनी या रोगाचे संकट उभे राहते आणि बागायतदाराची झोप उडते. ज्या कोरड्या काळाच्या भरवशावर सगळे गणित मांडलेले असते, तोच हातचा जातो.

खंडांच्या पूर्व किनाऱ्यांवर, याच अक्षांशांत, शांघाय, टोकियो किंवा ब्युनोस आयर्ससारखी शहरे आहेत. इथे उन्हाळा दमट आणि पावसाचा असतो. पूर्व चीन आणि दक्षिण जपानमध्ये भात आणि चहा पिकतो तो या पावसावर.

खंडांच्या पोटात आणि टोकांवर

समुद्रापासून दूर गेले की तापमानाला लगाम घालणारे कोणी उरत नाही. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. कॅनडातले विनिपेग हे शहर लंडनच्या किंचित दक्षिणेलाच आहे, पण तिथे जानेवारीचे सरासरी तापमान उणे 16 अंशांच्या आसपास जाते. युक्रेन, दक्षिण रशिया आणि उत्तर अमेरिकेतले गव्हाचे कोठार अशाच समुद्रापासून दूरच्या गवताळ मैदानांवर उभे आहे.

त्याच्या उत्तरेला तैगा, म्हणजे सूचिपर्णी वृक्षांचा अलास्कापासून सैबेरियापर्यंतचा पट्टा. सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात जानेवारीची सरासरी उणे 38 च्या जवळ, जुलैची अधिक 19 च्या जवळ. जमीन खोलवर कायम गोठलेली असते. घराच्या उबेने ती वितळून भिंती खचू नयेत म्हणून इमारती खांबांवर उभारतात आणि खालून वारा खेळता ठेवतात. याकुत्स्कला वर्षाला जेमतेम 240 मि.मी. पाऊस आणि हिम मिळते, सोलापूरच्या एक तृतीयांश. तरीही भोवती जंगल आहे. वर्षाचे सरासरी तापमानच शून्याखाली असल्याने उडून जाणारे पाणी नगण्य, आणि गोठलेला थर पाणी खाली झिरपू देत नाही. दक्षिण गोलार्धात मात्र हा खंडीय गट जवळजवळ सापडतच नाही, कारण त्या अक्षांशांत तिथे मोठा भूभागच नाही. सगळा समुद्र आहे.

तैगाच्याही उत्तरेला, टुंड्रात, शेवाळ, दगडफूल आणि खुरटी झुडपे तेवढी उरतात. उन्हाळ्याचे मोजके आठवडे वरचा थर वितळतो आणि चिखल होतो. नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर अशाच प्रदेशात भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र 2008 पासून आहे. त्याही पलीकडे बर्फाचे साम्राज्य. अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक केंद्रावर 21 जुलै 1983 रोजी उणे 89.2 अंश तापमान नोंदले गेले. खंडाच्या मध्यावर हिम इतके थोडे पडते की हिशेबाने ते जगातले सर्वांत मोठे वाळवंट ठरते.

डोंगर चढा आणि अक्षांश बदला

हवामान प्रदेश बदलण्यासाठी ध्रुवाकडेच जायला हवे असे नाही. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. इक्वाडोरची राजधानी किटो जवळजवळ विषुववृत्तावर आहे, पण 2,850 मीटर उंचीमुळे तिथे वर्षभर 15 अंशांच्या आसपासचा गारवा असतो. याच देशातल्या चिंबोराझो पर्वतावर 1802 मध्ये चढताना निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हम्बोल्टने पायथ्यापासून वरपर्यंत बदलत जाणाऱ्या वनस्पतींच्या नोंदी केल्या आणि पुढे एका चित्रात त्या उंचीनुसार मांडल्या.

डोंगराची दुसरी करामत पाहायला सातारा जिल्हा पुरेसा आहे. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि महाबळेश्वरला 5,000 मि.मी.हून अधिक पाऊस देतात. पावसाळ्याआधी तिथल्या घरांच्या भिंतींना गवताची आवरणे घालावी लागतात, नाहीतर पावसाचा मारा भिंती भिजवून टाकतो. घाट उतरून वाईला आले की हाच पाऊस हजाराच्या आत येतो. आणखी पूर्वेला माण तालुक्यात तो 500 मि.मी.च्या आसपास उरतो. एकाच जिल्ह्यात, मोटारीने काही तासांच्या अंतरात, सदाहरित जंगलापासून बाभळी-बोरींच्या माळापर्यंतचा प्रवास होतो.

माण आणि फलटणकडचे धनगर हा प्रवास पिढ्यानपिढ्या पायी करत आले आहेत. पाऊसकाळ संपला की त्यांचे वाडे मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणाकडे निघतात. तिथे भाताची कापणी झालेली असते. शेतकरी आपल्या खाचरात मेंढरे बसवून घेतो. त्याला लेंडीखत मिळते, धनगराला धान्य आणि चारा. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास वाडे पुन्हा माणदेशाकडे परततात, कारण कोकणचा ओला पावसाळा मेंढराला सोसत नाही, आणि माळावर तोवर गवत फुटू लागते. कोपेनचा नकाशा न पाहता दोन हवामान प्रदेशांचा असा जोड त्यांनी साधला.

सरकणाऱ्या रेषा

हा नकाशा दगडावरची रेघ नाही. तापमान वाढते तसे गटांचे आकडे बदलतात आणि सीमा ध्रुवांकडे व डोंगरमाथ्यांकडे सरकतात. आंतरसरकारी हवामानबदल समितीने (आयपीसीसी) 2019 च्या जमीनविषयक अहवालात म्हटले आहे की कोरडे प्रदेश विस्तारले आहेत आणि ध्रुवीय प्रदेश आक्रसले आहेत. सैबेरियात, आर्क्टिक वृत्ताच्या आतल्या वेर्खोयान्स्कमध्ये 20 जून 2020 रोजी 38 अंश तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने पुढच्या वर्षी त्या नोंदीवर शिक्कामोर्तब केले. पुण्यासारख्या रेषेलगतच्या ठिकाणी सरासरीतला एखादा अंश किंवा पावसातली थोडी घटही गट बदलायला पुरते.

व्यवहारात हे ज्ञान फार कामाचे आहे. थंड देशात उन्हाची ऊब आत घ्यायला शोभणारी काचेची इमारत मुंबईत उभी केली की वातानुकूलनाचे बिल वाढते. थंड हिवाळ्याचे फळझाड आपल्याकडे लावले की बागायतदाराला नाशिकसारखी वेगळी रीत शोधावी लागते, नाहीतर झाड नुसतेच वाढते. परदेशातले बियाणे, इमारतीचा आराखडा किंवा पाणी वाचवण्याचे तंत्र पाहून भारावण्याआधी ते कोणत्या हवामान प्रदेशातून आले, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

त्यासाठी आपल्या भागाचे तीन आकडे जवळ असलेले बरे: वर्षाचा सरासरी पाऊस, तो कोणत्या महिन्यांत पडतो, आणि वर्षाचे सरासरी तापमान. हवामान खात्याच्या नोंदींत ते मिळतात. वर दिलेल्या रीतीने हिशेब मांडायला पाच मिनिटे लागतात. बाग लावण्याआधी, घर बांधण्याआधी आणि विहीर खणण्याआधी तो जरूर मांडून पाहावा.